बरोबरी पुरणार नाही, हेच बरे

नाशिक, दि. १ मे २०२४

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारी, ४ मे रोजी, सायंकाळी साडेसात वाजता कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील विवेकानंद युवा भारती क्रीडांगणावर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना मुंबई सिटी आणि मोहन बागान सुपर जायंट या संघांत होत आहे. अंतिम सामना तटस्थ मैदानावर असतो अशी आपली साधारण समजूत असते. हा मात्र तसा नाही. मैदान बागानचे, हिरवळ बागानच्या रोजच्या पायांखालची आणि प्रेक्षक तर जवळजवळ सगळेच बागानचे. त्यामुळे मुंबईच्या समर्थकाच्या लेखी हा नावाने अंतिम, पण प्रत्यक्षात परगावचा सामना आहे आणि या मोसमातला सर्वांत अवघड परगावचा सामना आहे. सोमवारी रात्री मुंबईने अंतिम फेरी गाठल्यापासून आमच्या ओळखीच्या फुटबॉलप्रेमी मंडळींत या सामन्याविषयी दोनच सूर ऐकू येत आहेत. एक, ‘पंधरा एप्रिलला पाहिले ना, कोलकात्यात आपले काही चालत नाही’ हा. आणि दुसरा, ‘आता उट्टे काढायचे’ हा. मला हे दोन्ही सूर पटत नाहीत. ते का पटत नाहीत, हे आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे. काटछाट करण्याचा अधिकार अर्थातच आपला.

१५ एप्रिलचा सामना ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. साखळीतील तो दोन्ही संघांचा शेवटचा सामना होता. मुंबईचे ४७ गुण होते आणि बागानचे ४५. म्हणजे मुंबईला लीग शील्ड, अर्थात साखळीत अव्वल येणाऱ्या संघाचे पारितोषिक, राखण्यासाठी जिंकण्याचीही गरज नव्हती, नुसती बरोबरी पुरेशी होती. २८व्या मिनिटाला बागानच्या लिस्टन कोलासोने गोल केला, ८०व्या मिनिटाला जेसन कमिंग्जने दुसरा केला, ८९व्या मिनिटाला मुंबईच्या लालियानझुआला छांगतेने एक फेडला आणि सामना २-१ असा संपला. बागान ४८ गुणांवर, मुंबई ४७ वर. शील्ड कोलकात्याला गेली. आयएसएलमध्ये त्याआधी बागानने मुंबईला एकदाही हरवलेले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रात्रीचे दुःख किती बोचरे होते याची कल्पना येईल.

त्या पराभवाचे खापर बहुतेकांनी साठ हजारांच्या गर्दीवर फोडले. गर्दीचा वाटा होता हे मी नाकारत नाही आणि पुढे त्याविषयी लिहिणारच आहे. परंतु माझ्या पाहण्यात त्या रात्री मुंबईचे अधिक नुकसान केले ते ‘बरोबरी पुरे’ या हिशेबाने. पस्तीस गुण पुरेत असे ठरवून पेपर लिहायला बसलेल्या मुलाचे जे होते तेच अशा संघाचे होते. सामना सुरू होण्यापूर्वीच निकाल आपल्या बाजूचा असल्याने जे काही करायचे ते फक्त राखण्यासाठी, अशी वृत्ती पायांत उतरते. चेंडू मध्यरेषेपर्यंत येतो, समोर एक बचावपटू दिसतो आणि चेंडू पुन्हा मागे जातो. मागून तो गोलरक्षकाकडे जातो. गोलरक्षकावर धावत येणाऱ्या आघाडीपटूला पाहून प्रेक्षक आरोळी ठोकतात आणि मग लांब मारलेला चेंडू थेट यजमानांच्या ताब्यात जातो. यात घाबरटपणा असतोच असे नाही. पुष्कळदा ही शिस्तच असते, परंतु चुकीच्या जागी लावलेली. पहिला गोल झाल्यानंतरही मुंबईच्या हातात तासाभराचा खेळ होता आणि हवा होता केवळ एक गोल. तो एक गोल आला खरा, पण तोवर दोन गोल आवश्यक झाले होते.

शनिवारी ही अडचणच नाही. अंतिम सामन्यात बरोबरी कोणाच्याच कामाची नसते. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर जादा वेळ आणि त्यानंतर पेनल्टी. मुंबईला राखण्यासारखे काहीही न देता हा सामना सुरू होतो, ही माझ्या मते या घडीला मुंबईची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे आणि तिच्याविषयी कोणी बोलताना दिसत नाही.

आता गर्दीविषयी. यजमान संघाला घरच्या मैदानाचा लाभ होतो हे जगभर मान्य आहे आणि त्याची कारणे गूढ नाहीत. प्रवास नसतो, झोप आपल्याच खोलीत होते, गवत किती ओले ठेवले आहे आणि चेंडू त्यावर कसा उसळतो हे पायांना माहीत असते. या खेपेला तर बागानचा उपांत्य सामना २८ एप्रिलला आणि तोही याच मैदानावर झाला. मुंबईचा २९ तारखेला अंधेरीत. म्हणजे बागानला एक दिवस विश्रांती अधिक आणि प्रवास शून्य. राहता राहिले प्रेक्षक. २०२० च्या मे महिन्यात जर्मनीची बुंडेसलिगा रिकाम्या स्टँडसमोर पुन्हा सुरू झाली तेव्हा यजमानांचे विजय एकदम घटलेले दिसले होते. प्रेक्षक चेंडू मारत नाहीत. पण पंच फाऊल देण्यापूर्वी जो क्षणभर घुटमळतो त्या क्षणावर त्यांचा दाब असतो आणि दमलेल्या यजमान खेळाडूला ८० व्या मिनिटाला आणखी एक धाव घ्यायला लावण्याची ताकदही त्यांच्यात असते.

कोलकात्यात या गर्दीला जो इतिहास आहे तो आपल्याकडे नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मोहन बागान १८८९ चा क्लब. मुंबई सिटी २०१४ चा. मधे सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. २९ जुलै १९११ रोजी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करणारे बागानचे खेळाडू, एकाचा अपवाद सोडला तर, अनवाणी खेळले होते. ती गोष्ट तेथे घराघरांत सांगितली जाते. याच सॉल्ट लेकवर १९९७ च्या जुलैमध्ये फेडरेशन चषकाच्या उपांत्य सामन्यात बागान आणि ईस्ट बंगाल यांना पाहायला सव्वा लाखाहून अधिक माणसे आली होती. नूतनीकरणानंतर तेथील आसनसंख्या कमी झाली, तरी ती साठ हजारांच्या वरच आहे. बंगाली नववर्षाच्या दिवशी, पहिल्या बैशाखाला, तेथील क्लब मैदानात जाऊन गोलपोस्टची पूजा करतात. तिला बारपूजा म्हणतात. खांबाला हार, गंध, पुरोहित, सगळे साग्रसंगीत. या वर्षी तो दिवस १४ एप्रिलला होता आणि दुसऱ्याच दिवशी बागानने शील्ड जिंकली. आम्ही दसऱ्याला अवजारांची पूजा करणारी माणसे. आम्हाला यात हसण्यासारखे काही वाटण्याचे कारण नाही. उलट, ज्या गावात गोलपोस्टला हार घातला जातो त्या गावी जाऊन खेळायचे म्हणजे काय, याची त्यावरून कल्पना यावी.

मुंबईच्या फुटबॉलला इतिहास नाही असे मात्र कोणी म्हणू नये. रोव्हर्स चषकासाठी कोलकात्याचे संघ एके काळी मुंबईच्या कूपरेज मैदानावर येत आणि तेथे प्रेक्षकांची रीघ लागे. पुढे महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. परंतु २०१० मध्ये तो संघच बंद झाला आणि त्याच्या समर्थकांनी कोणाकडे पाहायचे, हा प्रश्न तसाच राहिला. क्लब टिकले तर समर्थकांची दुसरी, तिसरी पिढी तयार होते. क्लब मिटले की प्रत्येक वेळी पाटी कोरी. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरिनात जेमतेम सात-आठ हजार माणसे मावतात. त्यातही पाहुणा संघ केरळचा किंवा कोलकात्याचा असला तर त्या संघाच्या समर्थकांचा आवाज कमी नसतो. खरे तर आमच्या संघाला घरच्या मैदानावरही पाहुण्यासारखे खेळण्याची सवय आहे आणि शनिवारी ती कामी येईल असे मी अर्धवट गंमतीने म्हणत असतो.

कोल्हापूरचा उल्लेख केल्याशिवाय महाराष्ट्रातील फुटबॉलविषयीचे पत्र पुरे होत नाही. तेथे तालमी आणि पेठा यांच्या निष्ठा इतक्या कडव्या आहेत की त्यांच्यापुढे आयएसएल फिके वाटावे. पण पाटाकडील असो, दिलबहार असो वा शिवाजी तरुण मंडळ, सगळ्यांचे सामने शाहू स्टेडियमवरच. सगळेच घरचे, परगावचा कोणीच नाही. त्यामुळे परक्या मैदानावर आपला संघ एकटा पडलेला पाहण्याचा अनुभव तेथील कडव्या समर्थकालाही फारसा येत नाही. आम्हा नाशिककरांना मात्र तो पुरेपूर आहे, कारण आमच्यासाठी अंधेरीदेखील परगावच आहे. साडेसातचा सामना साडेनऊच्या पुढे संपतो, तेथून गर्दीतून बाहेर पडून कसारा घाट चढून घरी येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते आणि पंचवटी एक्स्प्रेस तर सामना सुरू होण्यापूर्वीच मुंबईहून सुटलेली असते. कोलकात्याचे तर विचारूच नका. नाशिकरोडहून हावडा मेलमध्ये बसले तर एक अख्खा दिवस आणि वर एक रात्र. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या मुंबई सिटीच्या समर्थक गटाची जी मंडळी मुंबईहून तेथे जातील त्यांना आमचा नमस्कार; साठ हजारांत ती मूठभर असतील आणि त्यांचा आवाज टीव्हीवर आमच्यापर्यंत पोहोचेल अशी आशा आहे.

‘कोलकात्यात आपले काही चालत नाही’ असे म्हणणाऱ्यांना मी काही सामन्यांची आठवण करून देऊ इच्छितो. १४ जानेवारी २०२३ रोजी, ऐन संक्रांतीच्या तोंडावर, याच मैदानावर मुंबईने १-० असा विजय मिळवला होता आणि गोल छांगतेचा होता. या मोसमात २३ डिसेंबरला गोव्याने तेथे जाऊन बागानला ४-१ असे धुतले. चारच दिवसांनी केरळ ब्लास्टर्सने १-० असा विजय मिळवला. ३१ मार्चला, म्हणजे शील्डची चुरस ऐन रंगात असताना, चेन्नईयिन तेथून ३-२ असा विजय घेऊन गेला. हे सगळे प्रेक्षक असतानाच झाले. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की गेल्या ऑगस्टमध्ये ड्युरँड चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत बागानने मुंबईला तेथेच ३-१ असे हरवले होते. सॉल्ट लेक अवघड आहे, अभेद्य नाही, एवढेच यातून निघते.

काही मित्र २०२१ चा दाखला देतात. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर साखळीच्या शेवटच्या सामन्यात मुंबईने बागानला २-० असे हरवून शील्ड मिळवली आणि १३ मार्चला फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या ९० व्या मिनिटाच्या गोलमुळे २-१ असा विजय मिळवून चषकही नेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ५-१ असाही निकाल लागला. पण ते सगळे गोव्यात, करोनाकाळातील बंदिस्त व्यवस्थेत, प्रेक्षकांविना झाले. आनंद खरा होता, चषक खरा होता, परंतु शनिवारच्या सामन्याचा अंदाज बांधताना त्या निकालांचा आधार घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्यातून उपयोगी पडेल अशी एकच गोष्ट आहे. तेव्हाही बागानचे प्रशिक्षक अँटोनियो हबास होते आणि आताही तेच आहेत. मधे ते गेले होते. या जानेवारीत हुआन फेरांडो यांना दूर केल्यावर परत आले आणि विस्कटलेल्या संघाला त्यांनी शील्डपर्यंत नेले. हबास यांचा संघ बचाव बांधून बसतो, चेंडू तुमच्याकडे राहू देतो आणि तुम्ही पुढे सरकलात की मागच्या मोकळ्या जागेत घाव घालतो. आयएसएलचे दोन चषक त्यांनी याच रीतीने जिंकले आहेत. तेव्हा मुंबईकडे चेंडू अधिक वेळ आहे एवढ्यावरून आपली बाजू वरचढ आहे असे शनिवारी कोणी समजू नये.

‘उट्टे काढायचे’ हा दुसरा सूर तर मला अधिकच खटकतो. गेल्या २० डिसेंबरला अंधेरीत मुंबईने बागानला २-१ असे हरवले, हे सगळ्यांना आठवते. त्या सामन्यात दोन्ही संघांना मिळून सात लाल कार्डे दाखवली गेली, हे आठवून आमच्यातील काहींना अजूनही गुदगुल्या होतात. मला त्यात मिरवण्यासारखे काही दिसत नाही. पुढच्या सामन्यांना मुकलेले खेळाडू हा त्या रात्रीचा खरा हिशेब होता. परक्या मैदानावर साठ हजार माणसे तुम्ही चिडण्याचीच वाट पाहत असतात. यजमान खेळाडू जमिनीवर पडला की स्टँड उठतो आणि पंचाभोवती घोळका जमतो. अशा वेळी जो संघ दोन पावले मागे सरून आपल्या जागा धरतो तो निम्मी लढाई जिंकतो. दहा खेळाडूंनिशी सॉल्ट लेकवर चाळीस मिनिटे काढण्याची वेळ येऊ नये, एवढी एकच इच्छा मला अनावर आहे.

मग आशा कशाच्या जोरावर? माझे उत्तर २४ एप्रिलच्या रात्रीचे आहे. फातोर्ड्यावर, दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. परगावचाच. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांमुळे गोवा ८९ मिनिटांपर्यंत २-० असा पुढे होता. आमच्या सोसायटीतील पाच-सहा जण एका घरी सामना पाहत होतो. दुसऱ्या दिवशीचे कार्यालय, उकाडा आणि २-० यांमुळे बैठक मोडायला आली होती. एक ज्येष्ठ सदस्य दारात चपला घालत होते. ९० व्या मिनिटाला छांगतेने गोल केला तेव्हा त्यांनी मान वळवली. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली तेव्हा ते एका पायात चप्पल घालून दिवाणखान्यात आले होते आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला छांगतेने तिसरा गोल केला तेव्हा त्यांना चप्पल काढा असे सांगण्याच्या मनःस्थितीत घरची गृहिणीही नव्हती. २-० ने मागे पडलेला संघ सहा-सात मिनिटांत परक्या मैदानावर ३-२ असा जिंकतो, याला दैव म्हणता येईल. परंतु त्या शेवटच्या दहा मिनिटांत मुंबईने लांब, आंधळे चेंडू मारले नाहीत. कडेने जाऊन, आत पास देऊन, पुन्हा पुन्हा तेच केले. राखण्यासारखे काही उरले नाही की हा संघ असा खेळतो. परवा सोमवारी अंधेरीत याच गोव्याला २-० असे हरवताना तो पुन्हा हिशेबाने खेळला, तेही योग्यच होते, कारण तेथे घर आपले होते आणि आघाडीही आपली.

सामना पाहणाऱ्यांनी शनिवारी एका पट्ट्यावर विशेष लक्ष ठेवावे, असे सुचवतो. मुंबईच्या उजव्या बाजूने छांगते धावतो. गेल्या हंगामातील अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच कडेला बागानचा लिस्टन कोलासो असतो आणि त्याच्या मागे कर्णधार सुभाशीष बोस. हबास यांच्या रचनेत कोलासोला आक्रमणाबरोबर मागे धावून बचावही करावा लागतो. म्हणून प्रश्न असा की कोण कोणाला मागे ढकलतो. छांगते आणि त्याच्यामागे खेळणारा राहुल भेके, जो आपला मुंबईकर आहे आणि संघाचा कर्णधारही, हे दोघे जर पहिल्या वीस मिनिटांत कोलासोला त्याच्याच गोलच्या बाजूला अडकवून ठेवू शकले तर बागानच्या आक्रमणाचा एक हात बांधला जाईल. उलट छांगतेच जर आपल्या पेनल्टी क्षेत्राजवळ बचाव करताना दिसू लागला, तर पंधरा एप्रिलची पुनरावृत्ती होत आहे असे समजावे. दुसरी नजर मधल्या फळीत मुंबईच्या अपुइयावर ठेवावी. तो बचावफळीकडे तोंड करून चेंडू घेतो आणि एका वळणात समोर पाहतो. हे वळण जमत आहे तोवर मुंबईला मागे पास देत बसावे लागत नाही. बागानच्या दिमित्री पेत्रातोसला त्याच्या आसपास मोकळे सोडणे मात्र महागात पडेल. हा ऑस्ट्रेलियाचा खेळाडू २०१८ च्या विश्वचषकाच्या संघात होता, तर कमिंग्ज २०२२ च्या. असे आघाडीपटू भारतातील क्लबांत रोज दिसत नाहीत.

हवामानाचाही विचार करावा लागेल. कोलकात्यात एप्रिलभर उष्णतेची लाट आहे, पारा चाळिशीच्या पुढे गेला आहे आणि रात्रीही दमटपणा उतरत नाही. आम्ही नाशिककर चाळीस अंशांत होरपळतो, पण संध्याकाळी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, थोडे वारे तरी लागते. मुंबईच्या खेळाडूंना दमट हवेची सवय असते, त्यामुळे या बाबतीत बागानला विशेष लाभ होईल असे नाही. मात्र खेळाचा वेग मंदावेल आणि बदली खेळाडूंचे महत्त्व वाढेल. मुंबईचे प्रशिक्षक पेत्र क्रात्की डिसेंबरात, डेस बकिंगहॅम निघून गेल्यावर, मोसमाच्या मध्यावर आले. साठाव्या मिनिटानंतर ते कोणाला कधी उतरवतात यावर पुष्कळ काही अवलंबून राहील. माझा स्वतःचा कल विचाराल तर पारडे बागानकडे झुकलेले आहे. दहापैकी सहा वेळा तो सामना तेच जिंकतील असे मी म्हणेन. उरलेले चार काही थोडेथोडके नव्हेत. मुंबईने पहिला गोल खाल्ला तरी मी टीव्ही बंद करणार नाही आणि पहिला गोल केला तर मात्र माझी धास्ती वाढेल, कारण मग राखण्यासारखे काहीतरी हाताशी येईल.

आता आपल्याकडे एक विनंती. नाशिकमध्ये फुटबॉल पाहणारे कमी नाहीत. देवळाली छावणीत आणि तेथील शाळांत हा खेळ जुना आहे आणि कॉलेज रोडवरील दुकानांत अर्जेंटिना, रिअल माद्रिद यांच्या जर्सी टांगलेल्या दिसतात. त्यांच्या शेजारी मुंबई सिटीची निळी जर्सी मात्र शोधूनही सापडत नाही. मेस्सीच्या डाव्या पायाविषयी तासभर बोलणाऱ्या आमच्या मुलांना बिपिन सिंग कोठला हे सांगता येत नाही, यात त्यांचा दोष कमी आणि आपल्या सर्वांचा अधिक. गेल्या सोमवारचा उपांत्य सामना आमच्या घरी येणाऱ्या दैनिकांपैकी एकात चार ओळींत उरकला होता आणि त्यांत गोल करणाऱ्यांची नावेही नव्हती. मला परिस्थितीची जाणीव आहे. आयपीएल ऐन भरात आहे, कालच ट्वेंटी-२० विश्वचषकासाठी भारतीय संघ जाहीर झाला आहे, निवडणुकीची रणधुमाळी आहे आणि नाशिकचे मतदान २० तारखेला आहे. पानांवर जागा कोठून आणायची हा आपला प्रश्न रास्त आहे. परवा शुक्रवारी वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि कोलकाता नाईट रायडर्स यांचा सामना आहे आणि त्याचे पूर्ण पान येईल यात शंका नाही. दुसऱ्याच संध्याकाळी याच दोन शहरांचे फुटबॉल संघ देशातील सर्वांत मोठ्या लीगच्या चषकासाठी भिडणार आहेत. त्या पानाच्या एका कोपऱ्यात सामन्याची वेळ आणि तो स्पोर्ट्स१८ वाहिनीवर व जिओ सिनेमावर पाहता येईल, एवढे छापले तरी काम होईल.

आणि रविवारच्या अंकात, निकाल काहीही लागो, गोल कोणी केले, कोणत्या मिनिटाला केले आणि बदली खेळाडू म्हणून कोण उतरले, हे नावांनिशी द्यावे. सामना जादा वेळेत गेला तर नाशिक आवृत्तीची छपाईची वेळ टळेल याची मला कल्पना आहे. तसे झाल्यास सोमवारच्या अंकात दिले तरी चालेल. आम्ही कापून ठेवू.

आपला नम्र,
एक नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक